अडीच पट्ट्यांची रेल्वे

कंपासमधली ३० सेंटिमीटरची पट्टी काढा आणि फरशीवर खडूने दोन समांतर रेषा आखा. मधलं अंतर ठेवा अडीच पट्ट्यांहून जरासं जास्त, म्हणजे ७६ सेंटिमीटर. झाले की शकुंतला नावाच्या रेल्वेचे रूळ! एवढ्याशा रुळांवरून अख्खी रेल्वे धावायची बरं का.

अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर हे तिचं जंक्शन. एक फाटा ११३ किलोमीटरवरच्या यवतमाळला जायचा, दुसरा ७६ किलोमीटरवरच्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका ब्रिटिश कंपनीने हे रूळ टाकले, ते वऱ्हाडच्या कापसासाठी. मँचेस्टरच्या गिरण्यांना तो हवा होता.

पण रूळ इतके अरुंद का? अरुंद मार्गाला पूल छोटे, भराव कमी, खर्चही कमी. शिवाय गंमत पाहा. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. गाडी पूर्ण गोल फिरली, तर नेहमीच्या रुंद मार्गावर हा फरक सुमारे साडेदहा मीटर पडतो आणि शकुंतलेच्या मार्गावर पाच मीटरहूनही कमी. गोल लहान असो की मोठा, फरक तेवढाच! वहीत दोन वर्तुळं काढून बघाच. रेल्वेच्या डब्याची समोरासमोरची दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे हा फरक कमी असला की गाडी सहज वळते.

मूर्तिजापूरला मात्र पंचाईत व्हायची. मुंबई-नागपूर मार्गाचे रूळ १६७ सेंटिमीटरहून जास्त रुंद. मग शकुंतलेचा डबा त्यावर चढणार कसा? रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या गाठी एका गाडीतून उतरवून दुसरीत भरायच्या, आणि एकेक गाठ पावणेदोनशे किलोच्या आसपास! रुईत निम्म्याहून जास्त हवाच असते, म्हणून प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. जंक्शनचं खरं श्रेय मी त्या हमालांना देईन.

१९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन इथे १९९४ पर्यंत राबलं. मग डिझेल आलं. शेवटी शेवटी गाडीवर कामाला माणसं इतकी कमी होती, की गार्डच तिकिटंही द्यायचे. आता तर दोन्ही फाट्यांवरची गाडी बंद आहे. मूर्तिजापूरला मोठ्या गाड्या थांबतात, पण शकुंतलेची बाजू ओस पडली आहे.

शकुंतला मोठ्या रुळांवर पुन्हा सुरू करा, अशी वऱ्हाडातल्या लोकांची मागणी आहे. मलाही ती अगदी मनापासून पटते. पण नुसते रूळ लांब सरकवून भागणार नाही. रुळांखालचे स्लीपर, पूल, वळणं, फलाट, सगळंच नव्याने बांधावं लागेल. त्यात खालची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून भरावही भक्कम हवा. तुमच्यापैकी कुणी इंजिनिअर होणार असेल, तर हे काम वाट पाहतंय.