पाचोळ्याचे गणित

फाल्गुन सरता सरता पांढरकवडा, घाटंजीकडच्या सागवनांत जमीन दिसेनाशी होते. सागाची ताटाएवढी पाने वाळून पायाखाली कुरकुरू लागतात. टिपेश्वर अभयारण्याचे १४८ चौरस किलोमीटर याच शुष्क पानझडी पट्ट्यातले. इथला वणवा शेंड्याला क्वचितच जातो. तो पाचोळ्यातून सरपटत पुढे सरकतो.

अशा वणव्याचे सर्वांत साधे गणिती प्रारूप चौकटीच्या कागदावर मांडता येते. काही घरे पाचोळ्याने भरलेली, काही मोकळी, सगळी कशीही विखुरलेली. पेटलेले घर शेजारच्या चार घरांना पेटवते. शंभरातली पन्नास घरे भरलेली असतील, तर आग थोडे अंतर जाऊन विझते. हे प्रमाण सुमारे ५९च्या वर गेले, की तशीच एक ठिणगी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचू शकते. मधे हळूहळू वाढ अशी नाहीच. उंबरठा ओलांडला, की चित्र पालटते. वाऱ्याने आग कोपऱ्यांतल्या घरांवरही उडू लागली, म्हणजे शेजारी आठ झाले, तर हा उंबरठा सुमारे ४१वर उतरतो.

१९९२मध्ये ड्रॉसेल आणि श्वाब्ल यांनी प्रारूपात काळ आणला : झाडे सावकाश उगवतात, वीज क्वचित पडते. कॅनडाच्या सूचिपर्णी अरण्यांशी हे बरेचसे जुळते. तिथे जळण साठायला दशके लागतात आणि मोठे वणवे बहुधा विजेने लागतात. यवतमाळात ही दोन्ही गृहीतके ढासळतात. इथे जळण दरवर्षीच्या पानगळीचे आणि ठिणगी बहुतेक माणसाची. मोहफुले दिसावीत म्हणून झाडाखाली लावलेली, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून लावलेली, नाहीतर विडीच्या थोटकाची.

म्हणून बोट मोह वेचणाऱ्यांकडे वळते. पण उन्हाळ्यात त्यांच्या हाती रोकड येते ती त्या फुलांतूनच. गणित जरा वेगळे सांगते : सगळा पाचोळा काढण्याची गरज नाही, त्याची सलगता मोडली पाहिजे. जाळरेषा हेच काम करते. पण जानेवारीत झाडलेली रेषा मार्चपर्यंत पुन्हा पानांनी भरली, तर नकाशावर ती असते, आगीच्या वाटेत नसते. उपग्रहावरच्या व्हिअर्स यंत्राचे एक घर ३७५ मीटरचे. त्यात पेटलेला वणवा दिसतो, बुजलेली रेषा दिसत नाही. ती दिसते तिथून रोज चालणाऱ्याला.

त्याच माणसाला मोहाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी झाडून घेण्याची मजुरी मिळाली, तर एक ठिणगी कमी होते आणि कागदावरचे एक घर मोकळे होते. एकाच खराट्याने दोन्ही.