बर्फावरची मोटार

दांडिया बाजारात किंवा मांडवीच्या वर्दळीत मोटार चालविणाऱ्या बडोदेकराला बर्फाशी काय कर्तव्य, असा प्रश्न सहज उद्भवेल. कडाक्याच्या थंडीतही येथील पारा शून्याच्या जवळपास जात नाही. परंतु नाताळच्या सुटीत याच शहरातील कितीतरी कुटुंबे स्वतःच्या मोटारीने मनालीची वाट धरतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांग खिंडीखालचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हवामान अनुकूल असल्यास हिवाळ्यातही लाहौलच्या खोऱ्यात उतरता येऊ लागले. बर्फ पाहण्याची हौस मुळीच गैर नव्हे. मात्र सपाट मुलखात मुरलेला हात बर्फावर कामास येईलच, असे समजणे धोक्याचे आहे.

मोटार चालते आणि थांबते ती टायर व रस्ता यांमधील घर्षणामुळे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक दाबल्यानंतर सुमारे ९ मीटरांत थांबते. दबलेल्या हिमावर तिला ३० मीटर लागतात, आणि गोठलेल्या गुळगुळीत बर्फावर ६० मीटरही पुरत नाहीत. जून महिन्यातील पहिल्या सरीनंतर तेलकट रस्त्यावर घसरणारी दुचाकी बडोदेकराने पाहिलेली असते. येथे त्याहून कितीतरी निसरडा रस्ता मैलोगणती असतो. दिवसा वितळलेले पाणी रात्री गोठते आणि त्याचा पातळ थर केवळ ओल्या रस्त्यासारखा भासतो. डोंगराच्या सावलीतील वळणे, पूल आणि बोगद्यांची तोंडे येथे हा फसवा थर विशेष आढळतो.

सर्व मोटारी बर्फावर सारख्या वागत नाहीत. आजच्या बहुसंख्य लहान मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. इंजिनाचे ओझेही त्याच चाकांवर असल्याने त्यांची पकड बरी असते. परंतु तीव्र चढावर भार मागे सरकतो आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात. ज्या मोटारींत शक्ती मागच्या चाकांना जाते, त्यांचा मागचा भाग रिकामा असेल तर तो वळणावर बाजूला फेकला जातो. चारही चाकांना शक्ती देणारी जीप चढ सहज चढते, आणि नेमका येथेच चालकाचा घात होतो. निघण्याचे बळ चार चाकांनी वाढते, थांबण्याचे वाढत नाही. कारण ब्रेक तर प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतातच. चढताना मिळालेला आत्मविश्वास उतारावर बाळगणे इष्ट नव्हे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींचा एक कारखाना बडोद्यानजीक हालोल येथे आहे. अशा मोटारींना धुराची नळी नसते, हा लाभ खरा. परंतु थंडीत विद्युत्घटाची क्षमता घटते आणि आतील उष्णतायंत्रही त्याच घटावर चालते. म्हणून घरी जेवढा पल्ला मिळतो, तेवढा तेथे गृहीत धरू नये. डिझेलच्या मोटारीची अडचण निराळी. साध्या डिझेलमधील मेण अतिशीत हवेत वेगळे होऊन गाळणी तुंबते. याच कारणास्तव इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल, तर ते गोठून प्रसरण पावते व इंजिनास तडा जाऊ शकतो. तेव्हा न गोठणारे मिश्रण निघण्यापूर्वीच भरून घ्यावे.

प्रत्यक्ष चालविताना नियम थोडे आहेत. दुसऱ्या गिअरमध्ये हळुवार निघावे. उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनालाच वेग आवरू द्यावा. पुढील वाहनापासून नेहमीच्या कितीतरी पट अंतर राखावे. मोटार घसरल्यास ब्रेकवर पाय रोवू नये. अॅक्सिलरेटर सोडून, जिकडे जावयाचे तिकडे स्टिअरिंग शांतपणे वळवावे. साखळ्या चढवावयाच्या त्या शक्ती मिळणाऱ्या चाकांवर, आणि कोरडा रस्ता लागताच उतरवावयाच्या.

सर्वांत मोठे संकट मात्र थांबलेल्या मोटारीत असते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या गिरिस्थानी हिमवादळात वाहने अडकून पडली आणि वीसहून अधिक प्रवासी दगावले. गाडीत साचलेला कार्बन मोनॉक्साइड वायू हे त्यामागील एक कारण सांगितले गेले. ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवतात. सायलेन्सरची नळी बर्फाखाली बुजते. आणि वास नसलेला हा विषारी वायू आत शिरून झोपेतच प्राण घेतो. म्हणून अडकल्यास प्रथम नळीभोवतालचा बर्फ दूर करावा, इंजिन मधून मधून थोडाच वेळ चालवावे व एक काच किंचित उघडी ठेवावी. घोंगड्या, पिण्याचे पाणी, कोरडे खाद्य व फावडे सोबत असावेच.

स्थानिक पोलिसांनी रस्ता बंद केला, तर रजेचा एक दिवस वाया गेला म्हणून हळहळू नये. डोंगरातील लोक स्वतःही अशा दिवशी घरीच थांबतात. त्यांचे पाहून थांबण्यात कमीपणा नाही. मोटारीत बसलेली मुलेबाळे सुखरूप बडोद्यास परतणे, हेच त्या प्रवासाचे खरे साफल्य होय.