स्वालबार्डमधील लघुजहाज पर्यटन आणि अंतराचा नियम

नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखालील स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहाचा किनारा हिमनद्या व खोल फिओर्ड यांनी चिरलेला आहे. वस्त्यांना जोडणारे रस्ते नसल्याने उन्हाळ्यातील वन्यजीवदर्शन प्रामुख्याने जहाजातूनच घडते. लहान जहाज अरुंद फिओर्डमध्ये शिरते व प्रवासी रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरतात. मोठ्या जहाजापेक्षा हा प्रकार निरुपद्रवी मानला जातो. हे मत अर्धसत्य होय. कारण लहान आकारामुळेच प्राण्याच्या अगदी निकट जाणे शक्य होते. हिमअस्वल आपल्या चरबीचा मोठा साठा वसंत ऋतूत व उन्हाळ्याच्या आरंभी समुद्रबर्फावर सीलची शिकार करून मिळविते. त्या काळात विचलित झालेल्या मादीची, पर्यायाने पिल्लांचीही, उपासमार संभवते. म्हणून १ जानेवारी २०२५ पासून हिमअस्वलापासून किमान ३०० मीटर, तर १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर बंधनकारक झाले. संरक्षित क्षेत्रांत प्रतिजहाज २०० प्रवाशांची कमाल मर्यादा आली आणि उतरण्याची स्थळे ४३ ठरली. काही पर्यटन व्यावसायिकांना हे जाचक वाटले. परंतु अस्वल अकस्मात जवळ आढळल्यास आता होडीलाच मागे फिरावे लागते. छायाचित्रकारासाठी ती थांबू शकत नाही.