बस आली की बस आला? खेळातून व्याकरण शिकवताना

हेर्त्सोगेनआउराख हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण इथल्या कंपन्यांचे बूट नक्की पाहिले असतील. बव्हेरियातल्या या छोट्या गावात दास्लर बंधूंचा बुटांचा कारखाना होता. १९४८च्या सुमारास भाऊ फुटले. रुडॉल्फने पुमा काढली, आडोल्फने आदिदास. गावातही दोन तट पडले, आणि समोरच्याशी बोलण्याआधी त्याच्या पायातले बूट बघायची अशी सवय लागली की लोक याला 'वाकलेल्या मानांचं गाव' म्हणू लागले.

मराठी शब्दाचं लिंगही आपण असंच पायाकडे बघून ओळखतो. शेवटी आ असेल तर तो (आंबा), ई असेल तर ती (पोळी), अनुस्वार असेल तर ते (केळं). अर्थात शाळा, माळी, पाणी, दही ही मंडळी मुद्दाम दुसऱ्याच कंपनीचे बूट घालून फिरतात!

इथल्या एका मराठी घरातल्या आठ वर्षांच्या मुलीसाठी मी एक छोटा वेब-खेळ बनवला. ती घरात मराठी बोलते, शाळेत जर्मन. एकदा ती म्हणाली, "बस आला." जर्मनमध्ये बस पुल्लिंगी आहे, तेव्हा ही सरमिसळ कुठून आली असेल याचा अंदाज बांधता येतो. पण त्याच जर्मनचा फायदाही आहे. हिंदीत नपुंसकलिंग उरलेलं नाही, मराठीत आणि जर्मनमध्ये आहे. म्हणजे 'तो, ती, ते' हे तीन कप्पे या मुलीच्या डोक्यात आधीच तयार आहेत. डेर निळा, डी लाल, डास हिरवा असे रंग जर्मन शिकवताना बऱ्याचदा वापरतात. तेच रंग मी मराठीला दिले. समजावून सांगायची गरजच पडली नाही.

पहिला खेळ साधा होता: शब्द दिसतो, योग्य रंगाच्या टोपलीत टाकायचा. चुकलेला शब्द लवकर परत येतो, बरोबर आलेला उशिरा. ही युक्ती झेबास्टियान लाइटनर यांनी १९७२च्या पुस्तकात पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या कार्डांसाठी सांगितली होती. जावास्क्रिप्टमध्ये ती थोडक्या ओळींत बसते, आणि कुठला शब्द कितव्या खोक्यात आहे हे ब्राउझरच लक्षात ठेवतो. मुलीने भराभर गुण मिळवले. बोलताना मात्र "बस आला" तसंच राहिलं.

माझी चूक तिथे होती. टोपलीचा खेळ शब्दाला चिकटवलेली चिठ्ठी पाठ करून घेतो. व्याकरण म्हणजे ती चिठ्ठी वाक्यात पुढे काय काय बदलते ते. तुम्ही असा खेळ बनवणार असाल तर एक कसोटी लावून बघा: व्याकरण न वापरता खेळाडूला पुढची चाल करता येते का? येत असेल, तर तो खेळ व्याकरणाचा नाही, चित्रांचा आहे.

म्हणून दुसरा खेळ. ताटात आंबा, पोळी, केळं. समोर आई आणि बाबा. एक माणूस, एक पदार्थ निवडायचा आणि क्रियापद जुळवायचं, तरच घास तोंडात जातो. "आईने आंबा..." इथे मुलीने आईकडे बघितलं आणि "खाल्ली" निवडलं. घास परत ताटात! इथे जर्मनची मदत नाही, कारण जर्मन क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. चार-पाच वेळा घास परत आल्यावर तिनेच शोधून काढलं: "खाणाऱ्याकडे नाही बघायचं, खाण्याकडे बघायचं." शाळेत आपण ज्याला कर्मणी प्रयोग म्हणून घोकलं, तो हाच. तिला ते नाव अजून माहीत नाही आणि मला त्याची घाई नाही.

मग उत्तर टाइप करायची सोय केली आणि भलतंच घडलं. तिने "केळं खाल्लं" लिहिलं, खेळाने लाल फुली मारली. माझ्या यादीत "केळे खाल्ले" होतं. मुलीने विचारलं, "मग आजी चुकीचं बोलते?" आजी रोज व्हिडिओ कॉलवर "काय खाल्लंस?" विचारते. एका फुलीने मी तिच्या मराठीच्या सगळ्यात जवळच्या माणसालाच नापास केलं होतं. आता दोन्ही रूपं चालतात. 'आईनं' आणि 'आईने' सुद्धा.

दुसरी भानगड युनिकोडची. 'ॲप' या शब्दातला ॲ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना सारखेच, संगणकाला वेगळे. 'दऱ्या'मधल्या अर्ध्या ऱ चंही तेच. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने हे सगळे भेद मिटत नाहीत, तेव्हा तुलना करण्याआधी ही अक्षरं स्वतःच एकसारखी करून घ्या. नाहीतर मूल बरोबर लिहून चूक ठरेल आणि का ते कोणालाच दिसणार नाही.

ही मुलगी आता यादीत स्वतःचे शब्द घालते. 'ब्रेझेल'वर घरात अजून वाद आहे. जर्मनमध्ये ती स्त्रीलिंगी, आई "ते ब्रेझेल" म्हणते, बाबा "तो". सध्या तिन्ही टोपल्या उघड्या ठेवल्या आहेत.