रातांधळेपणावरचे तेल आणि एक अपवाद

रात्री कमी दिसू लागले की माशाच्या यकृताचे तेल घ्यावे, हा सल्ला जुन्या पिढीला तोंडपाठ होता. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी आलेल्या रातांधळेपणावर तो योग्यही आहे. मात्र ‘रेफसम’ या दुर्मीळ आनुवंशिक विकारात हेच तेल अपाय करू शकते. नॉर्वेतील मज्जाविकारतज्ज्ञ सिग्वाल्ड रेफसम यांनी १९४६ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले.

अपायाचे कारण आहे तेलात अल्प प्रमाणात असणारे फायटॅनिक आम्ल. साध्या मेदाम्लात कार्बनचे अणू एका सरळ साखळीत असतात. शरीर ही साखळी दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी तोडून ऊर्जा मिळवते. फायटॅनिक आम्लाच्या साखळीला मात्र चार फांद्या असतात. त्यातील पहिली नेमकी तिसऱ्या कार्बनवर असल्याने नेहमीची तोडणी तेथेच अडते. मग पेशीतील ‘पेरॉक्सिसोम’ आधी एकच कार्बन काढून वाट मोकळी करतात. रेफसमच्या रुग्णांत या कामाचे विकर सदोष असते. परिणामी आम्ल रक्तात व चरबीत साचत जाते. १९६३ मध्ये क्लेंक व काल्के या जर्मन संशोधकांनी रुग्णाच्या शरीरात ते शोधून काढले.

या आम्लाचे मूळ हरितद्रव्यात आहे. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती प्राणिप्लवक खातात आणि प्लवकांवाटे ते माशांत उतरते. गाई-म्हशींच्या पोटातील जिवाणूही हरितद्रव्यातून त्याचा कच्चा माल मोकळा करतात. म्हणून ते दूध-तुपातही आढळते. माणसाच्या आतड्याला हे साधत नाही. त्यामुळे पालेभाजी रुग्णालाही वर्ज्य नाही.

रातांधळेपणा, वास न येणे, हातापायांतील अशक्तपणा, तोल जाणे व बहिरेपणा ही या विकाराची लक्षणे होत. तेलकट मासे, लोणी, तूप व गोमांस टाळल्यास रक्तातील आम्ल घटते आणि नसांचा त्रास कमी होतो. गेलेली दृष्टी मात्र परतत नाही. म्हणूनच वेळेवर निदान मोलाचे ठरते. कडक उपवासही रुग्णांना धोक्याचा, कारण चरबी वितळताच साचलेले आम्ल रक्तात उतरते.

निरोगी माणसाने या तेलाची धास्ती घेण्याचे कारण नाही. पण रातांधळेपणासोबत वासही येईनासा झाला असेल, तर तेलाची बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवून रक्ततपासणी करून घेणे शहाणपणाचे.