बायोडिझेल : फायदा किती, अडचण कुठे?

‘सैन्याच्या सगळ्या गाड्या बायोडिझेलवर चालवाव्यात,’ असे मी आंतरसदन वादविवाद स्पर्धेत ठासून सांगितले. बक्षीसही मिळाले. सुट्टीत ते भाषण बाबांना वाचून दाखवले. बाबा ईएमईमध्ये वाहन मेकॅनिक आहेत. त्यांनी एवढेच विचारले, “जानेवारीत लेहला पहाटे गाडी सुरू होईल का?” मला उत्तर देता आले नाही. म्हणून हा अभ्यास.

वनस्पती तेलाची उत्प्रेरकाच्या मदतीने मिथेनॉलशी अभिक्रिया केली की ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर बायोडिझेल मिळते. तळणीचे वापरलेले तेलही चालते. बी-२० म्हणजे २० टक्के बायोडिझेल आणि ८० टक्के साधे डिझेल.

बायोडिझेलमध्ये वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे ज्वलन अधिक पूर्ण होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २००२ मधील विश्लेषणानुसार, जड वाहनांच्या इंजिनांत सोयाबीन तेलाच्या बी-२० मुळे न जळलेले हायड्रोकार्बन सुमारे २१ टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि धुरातील कण १० टक्के घटतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र २ टक्के वाढतात.

एक लिटर बायोडिझेलमध्ये ऊर्जा सुमारे ८ टक्के कमी असते. बी-२० मध्ये हा फरक दीड टक्क्याच्या आसपास येतो, चालकाला तो फारसा जाणवत नाही. उलट इंधनपंपाला वंगण चांगले मिळते. पण टाकीतला जुना गाळ सुटून सुरुवातीला फिल्टर तुंबू शकतो. शिवाय हे इंधन पाणी शोषते आणि साठवणीत लवकर खराब होते. राखीव साठा ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

आता बाबांचा प्रश्न. थंडीत इंधनात मेणासारखे कण तयार होतात आणि फिल्टर बंद होतो. पाम तेलाचे शुद्ध बायोडिझेल १५ अंश सेल्सिअसच्या आसपासच गढूळ होऊ लागते. लडाखमध्ये साधे डिझेलही गोठते, म्हणून २०१९ मध्ये तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले गेले. तिथे बायोडिझेलचे मोठे मिश्रण भरणे म्हणजे गाडी जागेवर उभी करणे.

देशाच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे. मैदानी भागात, ताज्या साठ्यावर आणि वेळेवर फिल्टर बदलून ते वापरता येईल. माझ्या भाषणातला ‘सगळ्या’ हा शब्द मी खोडला आहे. बाबांना ते पुन्हा वाचून दाखवणार आहे.