डिफ्रॅगची मात्रा कुठे लागू पडते?

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबला आणि लोक नव्या पीसीची चौकशी करू लागेपर्यंत रॅम-एसएसडीचे भाव चढायला लागले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केल्यावर किरकोळ गिऱ्हाइकाला कोण विचारतो? त्याच डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने 'क्रुशियल' हा घरगुती ग्राहकांचा धंदाच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी मुदखेड-भोकरपासून उदगीर-निलंग्यापर्यंत कुठल्याही घरातला, फिरत्या हार्ड डिस्कचा जुना असेंबल्ड पीसी आणखी दोन वर्षे ओढावा, हा हिशेब कुणालाही पटेल. त्या हिशेबासोबत एक जुना सल्लाही परत येतो: 'डिफ्रॅग मारा, गेम पळायला लागेल.' ज्यांनी विंडोज एक्सपीच्या काळात कॉम्प्युटर क्लास केला त्यांना हा सल्ला तोंडपाठ असतो. डिफ्रॅगच्या पडद्यावर लाल पट्ट्या हळूहळू निळ्या होताना पाहण्यात एक समाधान होते, आणि समाधानालाच पुष्कळ जण वेग समजत आले. सल्ला अगदी खोटा नाही. पण रेल्वे, विमान, ट्रक, शहर उभारणी असल्या सिम्युलेशन गेमच्या बाबतीत तो बहुतेक वेळा भलत्याच दुखण्यावर दिला जातो.

मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कला एक फेरा पुरा करायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, त्यात हेड सरकण्याचा वेळ मिळवला की एका उडीला १५ मिलिसेकंदांच्या आसपास खर्च येतो. एकाच मालगाडीचे डबे यार्डातल्या शंभर वेगवेगळ्या रुळांवर उभे असावेत तशी एखादी फाइल शंभर तुकड्यांत विखुरली, तर ती गोळा करण्यातच दीड सेकंद जादा जातो. हे दुखणे खरे आहे आणि विखुरलेले तुकडे सलग लावणारा डिफ्रॅग त्यावर नेमका उपाय करतो. मात्र तुकडा किती मोठा आहे यावर सगळे अवलंबून. ६४ मेगाबाइटचा सलग तुकडा सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने वाचायला ६४० मिलिसेकंद लागतात. त्यापुढे १५ मिलिसेकंदांची उडी म्हणजे जेमतेम दोन-अडीच टक्के. व्हिस्टापासून विंडोजचा डिफ्रॅग ६४ मेगाबाइटपेक्षा मोठ्या तुकड्यांकडे मुळात लक्षच देत नाही, त्याचे कारण हेच. 'युरो ट्रक सिम्युलेटर २'सारखा गेम आपला नकाशा आणि गाड्या मोजक्या अजस्र फाइलींत बांधून ठेवतो. तिथे दहा-वीस मोठे तुकडे झाले म्हणून फारसे काही बिघडत नाही.

आता सिम्युलेशन. सेकंदाला ३० चित्रे दाखवायची तर एका चित्राला ३३ मिलिसेकंद मिळतात. त्या वेळात प्रोसेसरला हिशेब आटोपायचा असतो: कोणती गाडी कुठल्या चौकात अडकली, कोणत्या इमारतीला पाणी पोचले नाही, चाकावर भार किती आला. 'सिटीज: स्कायलाइन्स'मध्ये वस्ती वाढत गेली की गेम मंदावतो, कारण हजारो नागरिक आणि वाहनांची वाट दर क्षणाला शोधावी लागते. तो सगळा पसारा तोवर रॅममध्ये आलेला असतो आणि हार्ड डिस्क त्या वेळी जवळजवळ रिकामी बसलेली असते. रिकाम्या बसलेल्याला कितीही शिस्त लावली तरी कामात असलेल्याचा भार हलका होत नाही. शहर उघडायला लागणारी पाच मिनिटे डिफ्रॅगने कदाचित चार होतील. उघडल्यानंतरचे रखडणे तेवढेच राहील. एक अपवाद आहे. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातला ऐवज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकते आणि गरज लागेल तसा परत आणते. गेम तेव्हा खरोखर डिस्कमुळे अडकतो. पण त्यावरचा इलाज ४च्या जागी ८ जीबी रॅम हा आहे, मग ती सेकंडहँड मिळाली तरी चालेल.

खरा वादाचा प्रांत वेगळाच आहे: चालता चालता देखावा लोड करणारे गेम. रेल्वेचे गेम त्यात पहिले. २००१चा 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर' आजही हौशींच्या हातात आहे, कारण त्याचे मार्ग आणि इंजिने घरबसल्या बनवता येतात. भारतीय मार्ग, भारतीय डिझेल इंजिने हौशी मंडळींनी त्यात पुष्कळ आणली. या गेमची भूमी २०४८ मीटर बाजूच्या चौकोनांत वाटलेली असते. समजा कुणी मुदखेडहून निघणारा आदिलाबादचा फाटा त्यात उभा केला: भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट, आणि पुढे राज्याची हद्द ओलांडून आदिलाबाद. सुमारे १६० किलोमीटरांचा हा मार्ग म्हणजे एकामागे एक ७८-८० चौकोन, शिवाय आजूबाजूचे वेगळे. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावते असे धरले तर एक चौकोन ओलांडायला ७४ सेकंद लागतात. पुढच्या चौकोनांसाठी दोनशे नव्या छोट्या फाइली लागल्या आणि प्रत्येकीला एक उडी पडली, असे वाईटात वाईट धरू: तीन सेकंदांचे काम. ७४ सेकंदांच्या सवडीत तीन सेकंदांचे काम कोणतीही धडधाकट डिस्क उरकून टाकील. तरीही गाडी झटके का खाते? कारण हा गेम प्रोसेसरच्या एका कोअरवर चालणारा. फाइल आणायला गेला की चित्र काढायचे थांबतो. याच मार्गांच्या फाइली वापरणारा 'ओपन रेल्स' हा मोफत गेम लोडिंगचे काम चित्र काढण्यापासून वेगळे ठेवतो, त्यामुळे तीच डिस्क, त्याच फाइली असूनही झटके कमी बसतात. दोष डिस्कच्या विखुरलेपणात शोधायचा की तिची वाट पाहणाऱ्या प्रोग्रॅमच्या रचनेत, याचे उत्तर या एका तुलनेत मिळते.

इथे आणखी एक गोष्ट निसटते. रेल्वे गेमच्या या फाइली पाच-पन्नास किंवा शंभर किलोबाइटच्या असतात. विंडोज डिस्कवर ४ किलोबाइटच्या कप्प्यांनी जागा देते. शंभर किलोबाइटच्या फाइलीला २५ कप्पे लागतात आणि डिस्क गच्च भरलेली नसेल तर ते सलग मिळून जातात. म्हणजे फाइल फुटलेलीच नसते. त्रास होतो तो एका फाइलीपासून दुसरी लांब असल्याने, आणि विंडोजचा साधा डिफ्रॅग प्रत्येक फाइल आतून सलग करतो. आदिलाबाद फाट्याची सगळी झाडे, घरे, सिग्नल एकाशेजारी एक नेऊन ठेवण्याची हमी तो देत नाही. नीटनेटक्या डिस्कवरही हेड उड्या मारतच राहते.

यावर विमानाचे गेम खेळणारे जुने हौशी हरकत घेतील, आणि त्यांची हरकत वजनदार आहे. २००६च्या 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स'साठी डिफ्रॅग ही चैन नव्हती, शिस्त होती, असे ते सांगतात. फोल्डरनुसार फाइली शेजारी-शेजारी लावणारी खास सॉफ्टवेअरे त्या काळी वापरली जात, आणि त्याने खालची जमीन धूसर दिसणे कमी होई. हे मानायलाच हवे, कारण फिरत्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला वाचनाचा वेग आतल्या कडेच्या जवळपास दुप्पट असतो. गेम बाहेरच्या कडेला सलग बसवला तर देखावा लवकर येणारच. पण कमी काय झाले ते नीट पाहावे: धूसरपणा. त्या गेमच्या कॉन्फिग फाइलीत प्रत्येक चित्राच्या वेळेतला किती हिस्सा देखावा लोड करण्याला द्यायचा, याचा आकडाच होता, मुळात ०.३३. वाटणी गेम स्वतः करत होता. डिस्क मागे पडली तर जमीन उशिरा स्पष्ट होई, सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या मुख्यतः प्रोसेसर ठरवी. पुढे २००७च्या सर्व्हिस पॅकमध्ये लोडिंगला जादा कोअर वापरता येऊ लागले. २०२०च्या 'फ्लाइट सिम्युलेटर'ने तर जमीन इंटरनेटवरून मागवायला सुरुवात केली. तिथे लाल-निळ्या पट्ट्यांपेक्षा तुमच्या ब्रॉडबँडचा स्वभाव महत्त्वाचा.

दुसरी हरकत साधी आणि चिवट: 'आम्ही डोळ्यांनी पाहिले, डिफ्रॅगनंतर गेम सुधारला.' पाहिले असेलही. पण डिफ्रॅग करण्याआधी माणूस टेम्प फाइली उडवतो, रीसायकल बिन रिकामा करतो, जुने चित्रपट हलवतो, पार्श्वभूमीला चाललेले चार प्रोग्रॅम बंद करतो, नंतर पीसी रीस्टार्ट करतो. श्रेय मात्र एकट्या डिफ्रॅगला. शिवाय एकदा उघडलेल्या गेमच्या फाइली विंडोज रॅममध्ये राखून ठेवते, त्यामुळे दुसऱ्यांदा तो आपोआप लवकर उघडतो. खरी परीक्षा घ्यायची तर रीस्टार्ट करून तोच मार्ग, तीच गाडी, तेच हवामान तीनदा घ्यावे, वेळ लिहून ठेवावी, मग डिफ्रॅग करून तसेच पुन्हा तीनदा. लोडिंगची वेळ आणि चालतानाची चित्रसंख्या हे दोन आकडे वेगळे लिहावेत. एकत्र केले की फसगत ठरलेली.

एसएसडीवाल्यांसाठी प्रकरण लवकर मिटते. तिथे फिरणारे काही नाही, फाइल गाठायला सुमारे एक दशांश मिलिसेकंद लागतो. विखुरलेपणाचा दंड नावापुरता आणि उगाच लिहिण्याने आयुष्याची झीज. विंडोज ८पासून विंडोजचे डिफ्रॅगचे साधन, म्हणजे 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज', एसएसडी ओळखून तिला रिकाम्या जागेची खबर देणारा ट्रिमचा आदेश देते. काही परिस्थितीत विंडोज एसएसडीचाही थोडा डिफ्रॅग करते, हे खरे; पण ते फाइल सिस्टिमच्या सोयीसाठी, आणि ते तिचे तिला कळते. तुम्ही आत पडू नये. फोनमध्येही फिरणारे काही नसते, म्हणून फोनवर बस गेम खेळणाऱ्यांनी 'डिफ्रॅग अ‍ॅप' दिसले तर सरळ पुढे जावे. फिरत्या डिस्कांतही एक अपवाद आहे: अलीकडच्या बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कांत माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक पट्टा बदलायला शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, म्हणून तिथे डिफ्रॅग रात्रभर रेंगाळतो.

मग करावे काय? टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्कपुढे एचडीडी लिहिले आहे की एसएसडी, ते आधी पाहा. एचडीडी असेल आणि गेम अडकत असताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटत असेल, तर आधी पंधरा-वीस टक्के जागा मोकळी करा, मग विंडोजचाच डिफ्रॅग एकदा चालवा. दर आठवड्याला तो आपोआप चालण्याची सोय व्हिस्टापासून आहे, ती कुणी बंद केली असेल तर चालू करा. गेम अडकताना डिस्क शांत आणि प्रोसेसर तापलेला दिसला, तर डिफ्रॅगला हात लावू नका, गेमच्या सेटिंगमध्ये गर्दी आणि दृश्याचे अंतर कमी करा. आणि पैसे भरून घ्यायचे 'स्पीड बूस्टर' सॉफ्टवेअर कुणी गळ्यात मारत असेल तर ते पैसे २५६ जीबीच्या छोट्या एसएसडीसाठी बाजूला ठेवा. भाव चढलेले असले तरी तिने विंडोज आणि गेम दोन्ही लवकर उघडतील, मोफतच्या डिफ्रॅगने जे साधणार नाही ते.